चार मिनिटांची ओळख

माणसाने आपली ओळख आपणच करून देणे हे मोठे अवघड काम आहे. दुसऱ्याचे गुण सांगताना आपली वाणी सैल सुटते, त्याचे दोष सांगताना तर ती दौडू लागते. परंतु “आपल्याविषयी थोडे सांगा” असे कोणी म्हटले, की चांगला बोलका गृहस्थही एक तर मान खाली घालतो, नाही तर एकदम स्वतःचा भाट बनतो. नोकरीचे अर्ज, लग्नाच्या जाहिराती, थोरामोठ्यांची आत्मचरित्रे ही सारी या दोन टोकांमध्येच हेलकावे खात असतात.

या विषयाचा विचार करण्याचा योग मला अलीकडे एका अगदी अनपेक्षित निमित्ताने आला. माझी भाची पुण्यास अकरावीत शिकते आणि वयाच्या आठव्या वर्षापासून टेनिस खेळते. अमेरिकेतील एखाद्या कॉलेजात शिकावे व तेथील संघातून खेळावे, अशी तिची मनीषा आहे. त्यासाठी तेथील प्रशिक्षकांना आपल्या खेळाची एक लहानशी चित्रफीत धाडावी लागते. तिच्यातील इंग्रजी मजकूर तपासण्याचे काम, मी त्या भाषेचा प्राध्यापक पडल्यामुळे, ओघानेच माझ्याकडे आले.

आपल्याकडे कॉलेजातील खेळ म्हणजे बहुतेकांच्या लेखी जिमखान्याची फी भरणे एवढेच असते. अमेरिकेत ती एक स्वतंत्र सृष्टीच आहे. १९०६ साली स्थापन झालेली ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ ही संस्था तिचा कारभार पाहते. १९७३ पासून या संस्थेने कॉलेजांचे तीन विभाग पाडले आहेत. पहिल्या दोन विभागांतील कॉलेजे खेळासाठी शिष्यवृत्त्या देऊ शकतात. तिसऱ्यातील देत नाहीत. हार्वर्ड, येल इत्यादी आयव्ही लीगमधील विद्यालये पहिल्या विभागात खेळतात, तरी खेळासाठी म्हणून एक डॉलरही देत नाहीत. शिक्षणसंस्थांत स्त्रीपुरुषभेद करण्यास मनाई करणारा कायदा १९७२ साली झाला आणि मुलींसाठी हा दरवाजा मोठ्या प्रमाणावर उघडला. या दरवाज्यातून आपली मंडळीही गेली आहेत. सोमदेव देववर्मन व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षे एकेरीचा विजेता ठरला. आपल्या महाराष्ट्राची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, आणि पुढे २०२३ साली हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत तिने रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. भाचीच्या खोलीत ऋतुजाचे छायाचित्र लावलेले आहे हे सांगावयास नकोच.

आता अमेरिकेतील प्रशिक्षक काही पुण्याच्या कोर्टावर येऊन बसणार नाही. धावणाऱ्याचे किंवा पोहणाऱ्याचे एक बरे असते. घड्याळ त्याची साक्ष देते. टेनिसमध्येही ‘यूटीआर’ नावाचा १ ते १६.५ पर्यंतचा एक गुणांक असतो आणि प्रशिक्षक प्रथम तोच पाहतो. पण आकडा झाला तरी तो कोण कोणाशी जिंकले एवढेच सांगणार. कसे जिंकले, हे त्याला सांगता येत नाही. ते डोळ्यांनीच पाहावे लागते, आणि त्यासाठी ही चित्रफीत.

तिचे शास्त्र मी भाचीकडून शिकलो. सारी फीत चार-पाच मिनिटांची असावी. आरंभी नाव, शाळा संपण्याचे वर्ष, उंची, खेळण्याचा हात, गुणांक आणि पत्ता एवढेच काही क्षण दाखवावे. कॅमेरा बेसलाइनच्या मागे, उंचावर, तिकाटण्यावर स्थिर ठेवावा. त्याने चेंडूच्या मागे धावू नये. संपूर्ण कोर्ट आणि दोन्ही खेळाडू सतत दिसावेत. फुटबॉलसारख्या सांघिक खेळात बावीस जणांतून आपला खेळाडू शोधण्याची पाळी प्रशिक्षकावर येऊ नये, म्हणून चाल सुरू होण्यापूर्वी त्याच्याभोवती वर्तुळ काढतात; येथे पोशाखाचा रंग सांगितला की पुरते. मग फोरहँड, बॅकहँड, व्हॉली, सर्व्हिस यांचे थोडे थोडे नमुने आणि नंतर खऱ्या सामन्यातील खेळ. जे उत्तम असेल ते पहिल्या अर्ध्या मिनिटात यावे; कारण शेकडो फिती पाहणारा मनुष्य शेवटपर्यंत थांबेलच असे नाही. गाणे-बजावणे नसावे. आणि कोणी मागितलाच, तर एखादा अख्खा सामना न कापता तयार असावा.

हे सारे भाचीला पाठ होते. परंतु आमच्या मेहुण्यांनी आधीच लग्नाच्या फिती करणाऱ्या एका गृहस्थास हे काम सांगून टाकले होते. त्याने ते आपल्या परीने मनापासून केले. ढोलताशाच्या गजरात भाची प्रवेश करी, चेंडू हवेत तरंगत राही, रॅकेट संथपणे खाली येई आणि प्रत्येक फटका प्रतिस्पर्ध्याला चकवून निघून जाई. मेहुण्यांनी ती फीत मला मोठ्या अभिमानाने दाखविली. भाची मात्र गप्प होती. शेवटी ती म्हणाली, “मामा, यात मी एकदाही हरत नाही. मग पलीकडे ती दुसरी मुलगी कशाला उभी केली आहे?”

तिचा आग्रह असा, की उत्तम फटके आधी दाखवावेत हे खरे. पण त्यांच्या पाठोपाठ एका सामन्यातील सलग तीन गेम जसेच्या तसे घालावेत. त्या तीन गेममध्ये वीस-बावीस फटक्यांची एक लांबलचक झुंज होती. तीत ती दोनदा कोर्टाच्या बाहेरून धावत येऊन चेंडू परतविते, आणि शेवटी सोपा फटका जाळ्यात मारून तो गुण गमावते. मेहुण्यांना हे मुळीच पटेना. “अहो, मुलीचा फोटो स्थळाकडे पाठवताना कोणी दाताच्या दवाखान्यातला पाठवतो का?” असे त्यांनी मला विचारले.

मला हसू आले. पण त्यांच्या प्रश्नामागे पोकळ हौस नव्हती, भीती होती. दहा वर्षे पहाटे साडेपाचला उठून त्यांनी मुलीला स्कूटरवरून कोर्टावर पोहोचविले आहे. ते बँकेत नोकरीस आहेत, आणि शिष्यवृत्ती न मिळाल्यास तेथील फी त्यांच्या आवाक्याबाहेरची आहे. मुलीचा तेवढा एकच दोष पाहून त्या परक्या माणसाने पुढची फीत उघडली तर काय, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. अशा बापाला सत्याचे माहात्म्य सांगणे सोपे आहे. पण त्याची किंमत त्याच्याच खिशातून जायची असते.

तरीही मला भाचीचेच म्हणणे पटले. शिफारसपत्रे लिहिण्यात आणि वाचण्यात माझे आयुष्य गेले आहे. उद्योगी, विनयशील, सच्छील अशा विशेषणांची ती पत्रे एकापुढे एक ठेवली, तर वर्गातील सारी मुले एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. तीत खोटे काहीच नसते. फक्त मुलगा नसतो. त्या गाणाऱ्या फितीचेही तसेच होते. तीत भाचीचे फटके होते, भाची नव्हती. फटका मारल्यावर पावले जागेवर परत येतात की नाही, गुण गेल्यावर ती रॅकेटकडे पाहते, बापाकडे पाहते, की सरळ पुढच्या चेंडूकडे वळते, हे कात्रीने नेमके कापून टाकले होते. आणि प्रशिक्षकाला पाहावयाचे असते ते हेच. कारण तो एका फटक्याची निवड करीत नसतो, चार वर्षे ज्याच्याबरोबर काढावयाची त्या माणसाची करीत असतो.

अखेर सर्व्हिसचे उत्तम नमुने आरंभी आणि ते तीन गेम नंतर, असा तह झाला. ढोलताशे गेले. माझ्या वाट्याला आलेला इंग्रजी मजकूर अवघा पाच ओळींचा निघाला आणि त्यातलेही एक विशेषण भाचीने खोडले.

फिती रवाना झाल्यावर वाट पाहण्याचे पर्व सुरू झाले. त्या संस्थेचा एक नियम येथे पालकांच्या कामाचा आहे. विद्यार्थ्याने केव्हाही पत्र पाठवावे. परंतु टेनिससह अनेक खेळांत पहिल्या विभागातील प्रशिक्षकाला, विद्यार्थ्याचे दहावीचे वर्ष संपून १५ जून उजाडेपर्यंत, त्याच्याशी निवडीविषयी पत्रव्यवहार करण्याची मुभा नसते. लहान मुलांच्या घरी आलेले मौन हे पुष्कळदा नकार नसून नियमपालन असते. भाचीची ती मर्यादा ओलांडलेली होती. त्यामुळे तेवढाही दिलासा आम्हांस नव्हता. बऱ्याच दिवसांनी एका प्रशिक्षकाचे दोन ओळींचे उत्तर आले: फीत पाहिली, ज्यातील ते तीन गेम आहेत तो संपूर्ण सामना पाठवावा.

तो सामना भाची तीन सेटमध्ये हरली होती. तिने तो तसाच पाठविला.

त्या रात्री मेहुण्यांनी तो सामना एकट्याने बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, “दहा वर्षे मी कोर्टाबाहेर बसलो, पण लक्ष सारे आकड्यांकडेच असायचे. ही पोर हरताना इतकी शांत असते, हे मला ठाऊकच नव्हते.” प्रशिक्षकाचा निर्णय अजून यावयाचा आहे. माझ्या बहिणीनेही तो सामना अथपासून इतिपर्यंत पाहिला. तिने त्यातून एकच निष्कर्ष काढला आहे: पोरगी फार वाळली आहे, आणि अमेरिकेत तिच्या खाण्यापिण्याकडे कोण पाहणार?