पाणी काढणारा
एप्रिल २०२१मध्ये आप्पांचा कोविडचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. घरात पडून राहा, हा सल्ला त्यांच्या उपयोगाचा नव्हता. मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशीनला लागणं भागच होतं. त्यात नेहमीच्या डायलिसिस सेंटरनं बाकीच्या पेशंटांच्या काळजीपोटी त्यांना घ्यायला नकार दिला.

कोविड वॉर्डात डायलिसिसची सोय असलेली खाट मिळाली ती किडनीच्या डॉक्टर मॅडमनी स्वतः फोन फिरवले म्हणून. पण मी त्यांचा खरा ऋणी आहे तो त्यांच्या निर्णयासाठी. सारं पुणे रेमडेसिव्हिरमागे धावत होतं, मीही चिठ्ठी मागत होतो. मॅडम म्हणाल्या, "आधी पाणी काढू." स्कॅनमध्ये फुप्फुसं पांढुरकी दिसत होती, ती कोविडनं की लघवी होत नसल्यामुळे साठलेल्या पाण्यानं, हे नुसतं बघून सांगणं कठीण. पाणी निदान काढता येतं. शिवाय रेमडेसिव्हिर ज्या द्रव्यात मिसळून देतात ते किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून अशा पेशंटला ते देऊ नये असाच तेव्हाचा दंडक होता. अमेरिकेत अशा पेशंटांना ते द्यायची मुभा २०२३मध्ये मिळाली. ऑक्सिजन आणि डेक्सामेथासोन मात्र चालू झालं. डेक्सामेथासोनचा डोस किडनीसाठी कमी करावा लागत नाही.

आणि पाणी काढणारा तो टेक्निशियन! लातूरकडचा तरुण मुलगा. पीपीई किट, दोन-दोन हातमोजे, वाफ धरलेला चष्मा. तशात फिश्चुलाची, म्हणजे डायलिसिससाठी जोडून घेतलेल्या रक्तवाहिनीची, थरथर बोटांनी चाचपून सुया घालायच्या. चार तास ना पाण्याचा घोट, ना लघवीला जाणं. बीपी पडलं की पाणी काढणं थांबवायचं, पाय वर करायचे, सलाईन सोडायचं. आप्पांचा श्वास मोकळा होत गेला तो त्याच्या हाताखाली. प्लास्टिकच्या पिशवीतल्या फोनवरून तो आम्हाला ते दाखवायचा. "काका, घरच्यांना हात करा," म्हणायचा.

आप्पा घरी आले. पुढे नातीचं लग्न त्यांनी पाहिलं, अक्षता टाकल्या. आईनं त्या मुलाला घरच्यांच्या बरोबरीनं आहेर केला. तो नको नको म्हणत होता. दुपारी त्याची ड्यूटी होती, म्हणून पहिल्याच पंगतीत आप्पांनी त्याला आपल्या शेजारी बसवलं.