हसरा कोळी

चिनी मातीची ती मूर्ती उंचीने जेमतेम वीतभर. दोंदिल शरीर, डोक्यावर टोकदार टोपी, गालांत न मावणारे हसू, एका हाती गळ आणि काखेत भलामोठा तांबडा मासा. टोपीच्या टोकावरची झिलई उडालेली. तळाशी बारीक इंग्रजी अक्षरे : 'मेड इन ऑक्युपाईड जपान'. या मूर्तीविषयी मी लिहीत आहे तो कलेचा जाणकार म्हणून नव्हे; एका चुकीचा धनी म्हणून.

१९९९ सालची गोष्ट. गुरुदीक्षा होऊन मला थोडेच दिवस झाले होते आणि वसईच्या किनाऱ्यावरील एका धर्मग्रामात मी साहाय्यक धर्मगुरू होतो. २ नोव्हेंबर, मृतांचा स्मरणदिन. दफनभूमीतील कबरींना आशीर्वाद देऊन झाला होता आणि एका अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला पवित्र कम्युनियन देऊन मी कोळीवाड्यातून परतत होतो. वाटेत एका घराचे दार उघडे होते. आत एक विधवा बसली होती, सारा वाडा तिला मावशी म्हणत असे. तिच्यासमोर फळीवर हीच मूर्ती होती आणि मूर्तीपुढे मेणबत्ती जळत होती.

"मावशी, हे काय चालले आहे?" मी उंबऱ्यावरूनच विचारले. ती गडबडून उठली. काही बोलण्यासाठी तिने तोंड उघडले. पण मी थांबलो नाही. "ही मूर्ती आजच्या आज घराबाहेर गेली पाहिजे." तिने मेणबत्ती विझवली आणि एवढेच म्हणाली, "बरं, फादर."

मी समाधानाने घरी गेलो. सेमिनरीत पहिली आज्ञा शिकलो होतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा २८ ऑक्टोबर १९६५ चा जाहीरनामाही शिकलो होतो. अन्य धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, हे परीक्षेत लिहून गुणही मिळविले होते. पण परीक्षेतले ज्ञान उंबऱ्यापर्यंत आले नाही. शिवाय, जपान म्हटले की आम्हा वसईकरांच्या डोळ्यांसमोर क्रूस उभे राहतात. आमच्या वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मरण पावले. त्या देशाचे दैवत आमच्या कोळीवाड्यात?

पुढे माझी बदली झाली. २०१८ साली मी त्याच धर्मग्रामात प्रमुख धर्मगुरू म्हणून परतलो. मावशी थकली होती, तरी रविवारची मिस्सा चुकवीत नसे. २०२१ साली ती वारली. महिन्याने तिचा मुलगा जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन माझ्याकडे आला. तोही आता साठीकडे झुकलेला.

"फादर, आई म्हणाली होती, मी गेल्यावर हे फादरांना दाखव. आता त्यांचे केस पिकलेत, आता रागावणार नाहीत."

मग त्याने सांगितले ते असे. त्याचे वडील मालवाहू जहाजावर खलाशी होते. १९६८ साली ते जहाजावरच वारले आणि त्यांचा देह समुद्राला अर्पण करण्यात आला. घरी आली ती फक्त त्यांची पेटी. पेटीत कपड्यांच्या घडीत ही मूर्ती होती. कोबे बंदरातून पाठविलेल्या शेवटच्या पत्रात त्यांनी लिहिले होते, तुझ्यासाठी एक हसरा कोळी घेतला आहे, थेट तुझ्या बापासारखा हसतो. मावशीच्या पतीची कबर नव्हती. मृतांच्या दिवशी सारे गाव आपापल्या कबरीवर मेणबत्ती लावी. तिने ती कुठे लावावी? माझ्या आज्ञेनंतर ती मूर्ती तांदळाच्या डब्यात गेली आणि दर २ नोव्हेंबरला दार लावून, बाहेर काढून, पुन्हा डब्यात जाऊ लागली. अशी बावीस वर्षे.

मुलगा गेल्यावर मी ती मूर्ती मेजावर ठेवून बराच वेळ बसून राहिलो. नंतर मी तिच्याविषयी वाचू लागलो. वीस वर्षे उशिराच.

हा एबिसू. जपानी लोक ज्या सात भाग्यदेवता मानतात, त्यांतील तीन मूळच्या आपल्या भारतातल्या (बेन्झाइतेन ही तर आपली सरस्वतीच), तीन चीनमधल्या आणि अस्सल जपानी असा हा एकटाच. मासेमारांचा आणि व्यापाऱ्यांचा कैवारी. त्याच्या काखेतला तो 'ताइ' मासा, कारण 'मेदेताइ' म्हणजे मंगल, आणि शब्दाच्या शेवटी मासा येतो. जुन्या कथेत इझानागी आणि इझानामी यांच्या पहिल्या अपंग मुलाला लव्हाळ्याच्या होडीत घालून समुद्रात सोडून दिले जाते. लोकांनी पुढे मानले की ते मूल किनाऱ्याला लागले आणि तेच एबिसू झाले. मोशेची टोपली मला आठवली. पण ती वाचविण्यासाठी सोडली होती, ही टाकून देण्यासाठी. आणि जपानच्या कित्येक कोळी गावांत समुद्रात तरंगत आलेल्या अनोळखी प्रेतालाही एबिसू म्हणत. ते आदराने उचलून पुरीत. मावशीला यातले काही ठाऊक नव्हते.

तळावरच्या अक्षरांचा अर्थही उलगडला. महायुद्धात पराभूत झालेल्या जपानवर दोस्तांचा अंमल असताना, १९४७ ते १९५२ या काळात परदेशी पाठविल्या जाणाऱ्या मालावर असा शिक्का असे. नागोयाजवळच्या सेतो या कुंभारांच्या जुन्या नगरात तेव्हा अशा मूर्ती मोठ्या संख्येने घडत. उपाशी देशातल्या कोणा कारागिराने हे हसू घडविले होते.

परंतु ज्या गोष्टीने माझी झोप उडविली ती निराळीच. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. नागासाकीत लोकांना ख्रिस्ताच्या वा मरियेच्या प्रतिमेवर पाय देऊन आपण ख्रिस्ती नसल्याचे सिद्ध करावे लागे. तेव्हा गुप्त ख्रिस्ती कुटुंबांनी करुणेची देवता कन्नोन हिच्या मांडीवर मूल असलेल्या पांढऱ्या चिनी मातीच्या मूर्ती घरी ठेवल्या आणि त्यांच्यापुढे मरियेची प्रार्थना केली. अधिकाऱ्यांनी जप्त केलेल्या तशा मूर्ती आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. धर्मगुरूविना दोनशेहून अधिक वर्षे ती श्रद्धा टिकली. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही लोक फादर पेतिजाँ यांच्याजवळ आले, आपले आणि त्यांचे हृदय एकच असल्याचे कुजबुजले आणि मरियेची मूर्ती कुठे आहे असे विचारू लागले.

सेमिनरीत ही हकिकत मी अभिमानाने ऐकली होती. चिनी मातीच्या देवतेपुढे बसलेल्या त्या बायकांच्या मनात काय आहे, हे न ओळखणाऱ्या अधिकाऱ्यांची कीव केली होती. आणि आमच्या कोळीवाड्यात एका भाविक बाईने आपल्या पतीची आठवण तांदळात लपविली, ती कोणापासून? नागासाकीत अधिकारी होता. इथे मी होतो.

पहिली आज्ञा आजही तीच आहे आणि मी ती शिकवतो. पण मावशीने एबिसूची पूजा कधी केलीच नव्हती. मी एक प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबलो असतो तर ते कळले असते.

मूर्ती मी मुलाला परत दिली आणि फळीवर ठेवायला सांगितले. त्या वर्षी २ नोव्हेंबरला मिस्सेत जाहीर केले, की ज्यांच्या माणसांची कबर नाही त्यांनी दफनभूमीतल्या मधल्या क्रूसाच्या पायथ्याशी मेणबत्ती लावावी. दोन-चार जण येतील असे वाटले होते. काळोख पडेतो चौथऱ्यावर जागा उरली नाही. कोणाचा भाऊ वादळात गेलेला, कोणाचा मुलगा आखातात पुरलेला. इतकी वर्षे ही माणसे कुठे मेणबत्ती लावीत होती, हे मी कोणालाच विचारले नव्हते.

एबिसूला कमी ऐकू येते असे जपानी लोक मानतात. ओसाकाच्या इमामिया देवळात जानेवारीतल्या उत्सवाला भाविक मागच्या बाजूला जाऊन ठोठावतात, म्हणजे देवाला गाऱ्हाणे ऐकू जाईल. मावशीने ठोठावले नाही. तिने बावीस वर्षे वाट पाहिली आणि माझे केस पिकू दिले.