एकाच कुळातली पुस्तके

घरोघरी पुस्तकांच्या कपाटात एक दृश्य हमखास दिसते. एकाच लेखकाचे चार भाग, पण चारही निरनिराळ्या आवृत्त्यांतले. एक उंच, एक बुटका, एकावर चित्र तर दुसऱ्यावर नुसतीच अक्षरे. सख्खी भावंडे असूनही ओळख पटू नये! मालिकेतल्या सगळ्या पुस्तकांना शोभेल असा एक चेहरा देणे वाटते तितके सोपे नाही.

१९३५ च्या जुलैत लंडनमध्ये अ‍ॅलन लेन यांनी ‘पेंग्विन’ची पहिली दहा पुस्तके बाजारात आणली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न होता. किंमत प्रत्येकी सहा पेन्स, म्हणजे सिगारेटच्या पाकिटाएवढी. पुठ्ठाबांधणीच्या नव्या कादंबरीला त्या काळी साडेसात शिलिंग, म्हणजे पंधरापट पैसे पडत. इतके स्वस्त पुस्तक लोकांना हलके वाटले तर? भडक चित्र घातले, तर तसे वाटणारच.

हा पेच सोडवला तो कचेरीतल्या एकवीस वर्षांच्या एडवर्ड यंगने. लेननी त्याला पेंग्विनची चित्रे काढायला प्राणिसंग्रहालयात धाडले. त्याने केलेले मुखपृष्ठ अगदी साधे होते. तीन आडवे पट्टे, वर-खाली रंग आणि मधल्या पांढऱ्या पट्ट्यावर पुस्तकाचे व लेखकाचे नाव. खाली तो पक्षी. नारिंगी म्हणजे कादंबरी, हिरवा म्हणजे रहस्यकथा, गडद निळा म्हणजे चरित्र. हेमिंग्वे आणि अगाथा ख्रिस्ती एकाच पंक्तीला बसले, फक्त पाटांचे रंग निराळे.

यात तोटा नव्हता असे नाही. युद्धातली शोकांतिका असो की हलकीफुलकी गोष्ट, दोघींना तोच नारिंगी वेश. प्रत्येक पुस्तकाने आपले वेगळेपण थोडे गिळायचे. बदल्यात ज्या लेखकाचे नावही ऐकलेले नाही, त्याचे पुस्तक उचलायला गिऱ्हाइकाला धीर येतो; घराणे ओळखीचे असते ना! हा सौदा लेनना फळला. १९३७ मध्ये ‘पेलिकन’ ही ज्ञानविषयक मालिका फिकट निळ्या रंगात निघाली. तिच्या संपादकांत आपले व्ही. के. कृष्ण मेनन होते.

पण नुसता वेश एक असून भागत नाही. पुस्तके अनेक छापखान्यांत छापली जात आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. १९४७ मध्ये यान चिखोल्ट आले. नाझींनी अटक केल्यावर जर्मनी सोडून स्वित्झर्लंडला गेलेले हे अक्षररचनाकार. त्यांनी पट्टे आणि रंग मोडीत काढले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी अक्षरांमधली अंतरे सुधारली. मोठ्या अक्षरांत शीर्षक जुळवताना दोन अक्षरांतली जागा डोळ्यांना सारखी दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. कामगार ऐकेनात, तेव्हा त्यांनी ही सूचना उमटवणारा रबरी शिक्काच करून घेतला. ठिपक्यांचे अंतर चुकले की रांगोळीत कितीही सुरेख रंग भरा, व्यर्थ, हे आपल्या बायकांना सांगायला नको.

पुढे चित्रांशिवाय पुस्तके मागे पडू लागली. १९६१ मध्ये रोमेक मार्बर या पोलंडमधून आलेल्या चित्रकाराने रहस्यकथांसाठी तोड काढली. वरच्या तिसऱ्या हिश्शात रेघांमध्ये नाव आणि लेखक, खालचे दोन हिस्से चित्राला मोकळे. हिरवा रंग राहिला, जरा उजळला. डोरोथी सेयर्सच्या कादंबऱ्यांवर तर त्यांनी एक लहानशी पांढरी मनुष्याकृती पुनःपुन्हा आणली. प्रत्येक पुस्तकाला आता स्वतःचे बोलता येत होते, आणि ते कुठल्या घरचे हेही लगेच कळत होते. हीच मांडणी मग कादंबऱ्यांनीही उचलली.

आणि तो यंग? दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश पाणबुडीचा कप्तान झाला. त्या दिवसांवर त्याने पुस्तक लिहिले. १९५४ मध्ये पेंग्विनने आपला एक हजारावा क्रमांक त्याच पुस्तकाला दिला.