सायकलच्या साखळीचे तेलपाणी

वसईच्या किनाऱ्यालगतच्या गावांत केळीचे घड आणि भाजीच्या पाट्या सायकलला बांधून पहाटे निघणारे बागायतदार पूर्वीइतके उरले नाहीत. तथापि आमच्या घरी ती सायकल अद्याप आहे. भरल्या सायकलीची साखळी चढावर दात्यांवरून घसरली, की पायाखालचे पायडल एकाएकी पोकळ होते आणि माणूस भारासकट आडवा होतो. म्हणून हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

तेल नेमके कोठे हवे, हा पहिला प्रश्न. हान्स रेनॉल्ड या स्विस अभियंत्याने १८८० साली मँचेस्टर येथे जिचे पेटंट घेतले, त्याच साखळीच्या वंशातील ही आपली साखळी. प्रत्येक सांध्यात एक खीळ, तिच्याभोवती नळी आणि नळीवर फिरणारा रोलर. झीज होते ती आत, खिळीवर. साखळी 'लांबली' असे आपण म्हणतो. वस्तुतः पोलाद ताणले जात नाही, सांध्यासांध्यातील झीज एकत्र होऊन लांबीत दिसते. तेल आत पोहोचले पाहिजे. बाहेरच्या पट्ट्यांना गंजू न देण्यापुरता हात फिरला म्हणजे पुरे.

पुष्कळजण हौसेने ग्रीस थापतात. ते सांध्यात उतरत नाही. बाहेर राहून पुळणीची वाळू मात्र गोळा करते, आणि मग साखळीवर जणू कानसच चालू लागते. गॅरेजातील जळके ऑइल फुकट मिळते खरे, परंतु त्यात काजळी आणि धातूचे कण असतात. खोबरेल थंडीत थिजते. शिवणयंत्राचे तेल झटकन आत शिरते आणि पहिल्याच सरीत धुऊन जाते. आमची पसंती मोटारसायकलच्या नव्या, न वापरलेल्या ऑइलला.

मेणाचाही एक मार्ग आहे, आणि मेणबत्त्यांचे तुकडे तर आपल्या घरोघरी साठलेले असतात! साखळी तेलविरहित करून, उकळत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवलेल्या मेणात बुडवतात. कोरड्या वाळूत याहून स्वच्छ उपाय नाही. परंतु पावसाळ्यात मेण टिकत नाही, खारा वारा लागताच गंज चढतो. रोज ओझे वाहणाऱ्या सायकलीला तेलच बरे.

साखळी रॉकेलने, ते न मिळाल्यास डिझेलने धुवावी. पेट्रोल या कामासाठी उघडूच नये. खाडीचे पाणी लागले असल्यास आधी गोड्या पाण्याने धुवावी. पूर्ण वाळल्यावर पायडल उलटे फिरवीत प्रत्येक रोलरवर एकच थेंब सोडावा. अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने बाहेरचे तेल पुसून काढावे. आळस होतो तो नेमका येथेच. तेल ओतायला सर्वांना आवडते, पुसायला कोणी तयार नसतो.

नव्या साखळीच्या चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरतात. अर्धे सूत वाढले, की साखळी बदलावी. पुरते एक सूत वाढेपर्यंत थांबल्यास फ्रीव्हीलचे दातेही झिजतात. त्यांवर नवी साखळी घसरते आणि खर्च दुप्पट होतो. आमची साखळी परवा मोजली, तेव्हा अर्ध्या सुताला किंचित कमी होती. येता पावसाळा तिच्यावरच काढावा की आधीच नवी आणावी, याविषयी घरात अद्याप एकमत झालेले नाही.