श्रेष्ठ कोण?

आमच्या चांदवडास चार क्रिकेटप्रेमी गृहस्थ जमले की विजय मर्चंट श्रेष्ठ की विजय हजारे, हा वाद निघाल्यावाचून राहत नाही. मर्चंटांचा पक्ष प्रथम श्रेणीच्या सामन्यांतील ७१.६४ ही सरासरी पुढे करतो. दीर्घकाळ खेळलेल्यांत ती ब्रॅडमनच्या खालोखाल. हजाऱ्यांचा पक्ष १९४३ सालच्या पंचरंगी अंतिम सामन्याकडे बोट दाखवितो. हिंदूंकडून मर्चंटांनी नाबाद २५० धावा केल्या. उलट हजाऱ्यांनी दुसऱ्या डावात 'रेस्ट' संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्याने काढल्या, तरी तो संघ एक डाव ६१ धावांनी हरलाच. सरासरीला चढता डाव आणि पडता डाव सारखेच. बुडत्या नावेतही वल्हे न सोडणाऱ्याचे मोल ती कोणत्या रकान्यात मांडणार? म्हणून माझा कौल हजाऱ्यांस. तथापि हा वाद मिटू नये; खेळाडूंचे क्रमांक लावताना आपण स्वतः कशास मोठेपणा म्हणतो, हे उघड होते.