पोटातली गोधडी

गोधडी म्हणजे वापरून मऊ झालेल्या जुन्या कापडाचे थर एकावर एक पसरून, त्यांना हाताने धावदोरा घालून, म्हणजे सुई खाली-वर करीत ओळीने बारीक टाके टाकून, तयार केलेले अंथरूण-पांघरूण होय. घोंगडी लोकरीची असते आणि ती मागावर विणावी लागते, रजईत पिंजलेला कापूस भरावा लागतो. गोधडीला मात्र घरात जे विरले आहे त्याखेरीज फारसे काही लागत नाही. बऱ्हाणपूर जिल्ह्यात मुक्ताईनगरच्या वाटेवर वसलेल्या, केळी-कापसाच्या मुलखातल्या शाहपुरात मराठी घरातली ही गोधडी शेजारच्या हिंदी घरात गुदडी होते, तर पश्चिम महाराष्ट्रात तिचीच जाडजूड बहीण वाकळ या नावाने ओळखली जाते. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि निमाडचा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला, त्यामुळे येथे सरकारी कागदावर हिंदी उरली. अंथरुणा-पांघरुणाचे शब्द मात्र मराठी घरांनी सोडले नाहीत.

लोककलेचा नमुना म्हणून जुन्या गोधड्या जमवू पाहणाऱ्यापुढे पहिली अडचण उभी राहते ती अशी, की जुनी गोधडी सहसा हाती लागतच नाही. ती हरवत नाही, कोणी ती टाकूनही देत नाही. वरचे कापड झिजले, टाके उसवले आणि कडा सुटल्या, की तीच गोधडी नव्या गोधडीच्या पोटात जाते. वर एक धडशी साडी, खाली दुसरी, आणि मधल्या थरात आधीची जीर्ण गोधडी तशीच सपाट पसरलेली, अशी ही रचना असल्यामुळे जी गोधडी आज नवी म्हणून दोरीवर वाळत पडते, तिच्या आत सासूच्या हातचे टाके असतात आणि क्वचित त्या टाक्यांच्याही आत आजेसासूचे लुगडे असते. भांडे, दागिना किंवा दरवाजाची चौकट काळाबरोबर जुनी होत जाते आणि जुनी म्हणून ओळखूही येते. गोधडी आपले जुनेपण आत ओढून घेते आणि पुन्हा ताजा चेहरा धारण करते.

शिवणाऱ्या बाईचे काम ज्यांनी नीट पाहिले आहे त्यांना हे ठाऊक असते, की यातले अवघड काम टाक्याचे नाही, ते कापड पसरण्याचे आहे. सारवलेल्या अंगणात किंवा ओसरीवर खालचे कापड ताणून त्याच्या कडांवर दगड किंवा वरवंटा ठेवावा लागतो, त्यावर सुट्या चिंध्या अशा बेताने लावाव्या लागतात की कोठे उंचवटा राहू नये आणि कोठे पोकळी पडू नये, आणि मग वरचे कापड टाकून प्रथम लांब लांब कच्चे टाके घालावे लागतात, कारण थर एकदा सरकले की शेवटपर्यंत गोधडीला पीळ राहतो. त्यानंतर कडेपासून आत, चौकटीत चौकट अशा ओळी येतात. कोठे उभ्या समांतर ओळी धरतात. साडीचा काठ फेकला जात नाही, तो कडेला पट्टी म्हणून बसतो. पदराचा भाग मध्यभागी येतो, कारण त्यावरची नक्षी दिसावी अशी इच्छा असते. आणि जेथे कापड फार विरले असेल तेथे वेगळ्या रंगाचे ठिगळ लागते. संग्राहक ज्याला रंगसंगती म्हणतो तिचा उगम पुष्कळदा अशा ठिगळात असतो. तरीही तिला निव्वळ योगायोग म्हणणे अन्यायाचे होईल, कारण लाल ठिगळ कोणत्या कोपऱ्यात लावावे आणि त्याला तोल म्हणून समोरच्या कोपऱ्यात काय द्यावे हे ठरवताना त्या बाईने घेतलेला निर्णय चित्रकाराच्या निर्णयाहून कमी प्रतीचा नसतो.

ही गोष्ट बऱ्हाणपुराच्या परिसरात पाहण्याला एक निराळा अर्थ आहे. सतराव्या शतकात येथून गेलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने या शहरातील पारदर्शक, झुळझुळीत सुती कापडाचे वर्णन करून ठेवले आणि ते इराण, तुर्कस्तान, रशिया व पोलंडपर्यंत जात असल्याचे नोंदवले. आजही शहरात यंत्रमागांचा खडखडाट दिवसरात्र चालतो. कापडाच्या या मुलखाचा इतिहास लिहिताना जे तलम होते आणि दूर गेले त्याची नोंद झाली, परंतु जे जाड होते, घरातच राहिले आणि अंगावर फाटले त्याला वहीत जागा मिळाली नाही. व्यापाऱ्याच्या हिशेबात कापड विकले की संपते, आणि गोधडीचा जन्म तर त्याच्या पुष्कळ नंतरचा.

अमेरिकेतील हाताने केलेल्या जुन्या गालिच्यांची कथा येथे आठवते, कारण तेही चिंध्यांचेच होते. ईशान्येकडील मेन व त्याच्या आसपासच्या थंड प्रदेशात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, स्त्रिया तागाचे जाडेभरडे गोणपाट चौकटीवर ताणून, जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या आकड्याने खालून वर ओढून त्यांचे फास काढीत आणि अशा फासांनी फुले, घोडे, कुत्री, जहाजे भरीत. या प्रकाराला आकड्याचा गालिचा म्हणता येईल. ज्या गोणपाटावर हे सारे उभे राहिले तो ताग बंगालच्या शेतात पिकलेला असे, ही बाब अमेरिकी कौतुकात क्वचितच सांगितली जाते आणि ती सांगितली पाहिजे. १८६८च्या सुमारास मेनमधील एडवर्ड सँड्स फ्रॉस्ट या फेरीवाल्याने धातूच्या पत्र्यात नक्षी कापून ती गोणपाटावर छापून विकायला सुरुवात केली, तेव्हापासून घराघरांत एकच सिंह आणि एकच फुलदाणी दिसू लागली. म्हणून आजचे जाणकार छापील नमुन्यापेक्षा बाईने स्वतःच्या मनाने काढलेल्या, काहीशा वेड्यावाकड्या गालिच्याला अधिक मान देतात. गोधडीला असा छापील नमुना कधी मिळालाच नाही, आणि हे तिचे भाग्य मानावे लागेल.

या वस्तूंना तेथे कलेचा दर्जा मिळाला तो संग्राहकांमुळे. १९३२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात सामान्य माणसाच्या कलेचे प्रदर्शन भरले, त्यातल्या बहुतेक वस्तू ॲबी ऑल्ड्रिच रॉकफेलर यांनी जमवलेल्या होत्या. १९४७ साली इलेक्ट्रा हॅवमायर वेब यांनी व्हर्मांटमध्ये शेल्बर्न संग्रहालय स्थापले. आणि १९७१ साली व्हिटनी संग्रहालयाने तुकडे जोडून केलेल्या रजया अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर टांगल्या. भारतात गुरुसदय दत्त यांनी बंगालच्या खेड्यांतून कांथा, म्हणजे जुन्या साड्या-धोतरांवर भरतकाम केलेली पांघरुणे, गोळा केली आणि कलेच्या अभ्यासक स्टेला क्रामरिश यांच्या संग्रहातील कांथा फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात पोहोचली. पुण्यात दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, दौती अशा घरगुती वस्तूंचा अफाट संग्रह करून तो १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केला. या सगळ्यांत गोधडी मागे राहिली, आणि तिच्या मागे राहण्याचे कारण उघड आहे: कांथेवर हत्ती, पालखी, कमळ दिसते, अडकित्त्यावर कोरीव मोर दिसतो, गोधडीवर मात्र टाक्यांच्या ओळी आणि अलगद पडलेल्या सुरकुत्या यांशिवाय डोळ्याला पटकन धरता येईल असे काही नसते. अलीकडे गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातील गोधड्यांवर स्वतंत्र पुस्तक केले, ते म्हणूनच मोलाचे आहे.

भिंतीवर टांगण्याची रीत गोधडीला सहजी मानवत नाही. टांगली की तिचे वजन टाक्यांवर येते आणि आतले जीर्ण थर खाली घसरून तळाशी गोळा होतात. शिवाय ती शिवणाऱ्या हाताने आडवी पाहिली होती, निजलेल्या अंगावर पाहिली होती. तिला आडवी ठेवणे, घडी घातलीच तर दर काही महिन्यांनी घडीची जागा बदलणे, आणि साबणाऐवजी ऊन-वाऱ्यावर भिस्त ठेवणे हे तिच्या हिताचे. उसवून आत काय आहे ते पाहण्याचा मोह विद्वानाला पडणारच, परंतु उसवलेली गोधडी पुन्हा तीच राहत नाही, म्हणून प्रकाशासमोर धरून थर मोजणे आणि शिवणारीलाच विचारणे हे दोन मार्ग उरतात. दुसरा मार्ग अधिक खरा, कारण ही साडी कोणाच्या लग्नातली आणि तो सदरा कोणाचा, हे तिलाच ठाऊक असते, आणि तिच्यामागे ते कोणालाच ठाऊक राहत नाही. संग्राहकाने किंमत देण्यापूर्वी ही नावे लिहून घेतली नाहीत तर त्याच्या हाती केवळ कापड येते.

घरात सुती साड्या कमी झाल्या तसा गोधडीचा पोतही बदलला. नायलॉनच्या साडीचे कापड घट्ट बसत नाही, सुईखालून निसटते, घाम शोषीत नाही, आणि वर्षानुवर्षे वापरूनही सुती लुगड्यासारखे मऊ होत नाही. तरीही बायका तिच्या गोधड्या शिवतात, कारण घरात विरलेले जे आहे ते तेच आहे. हिवाळा संपत आला की शाहपूरच्या अंगणात उलट्या टाकलेल्या खाटांवर अशा गोधड्या उन्हाला पसरतात. एखादीच्या कोपऱ्यावरची भडक नायलॉनची साडी फाटलेली असते आणि त्या भोकातून आतल्या सुती लुगड्याचा विटका तांबडा काठ, त्यावरच्या जुन्या दोऱ्याच्या तिरक्या ओळीसह, हातभर दिसतो, आणि घरातली बाई तो पुन्हा झाकून टाकण्यासाठी सुईत दोरा ओवीत असते.