क्लॅम्प किती आवळायचा?

कसबा बावड्यात एका चार मजली इमारतीच्या बाहेरच्या गिलाव्यावर माझी देखरेख होती. पावसाळा तोंडावर आलेला, त्यामुळं सगळ्यांनाच घाई. लोखंडी परांची उभी राहत होती आणि क्लॅम्प आवळणारा तालमीतला गडी पान्याच्या दांड्यावर पाइपाचा तुकडा चढवून अंगाचा सगळा भार टाकत होता.

“घट्ट पायजे न्हवं, सायेब?”

त्याला तोच क्लॅम्प सोडायला सांगितला. बोल्ट मधोमध ताणून बारीक झालेला, आटे ओरबाडलेले, पाइपावर कडेचा चर उठलेला. असा बोल्ट बाहेरून मजबूत दिसतो, पण त्याची ताकद आवळण्यातच संपलेली असते. ढिला क्लॅम्पही तितकाच घातक, कारण तो पाइपाला धरतो तो फक्त घर्षणावर. फळीवर माणसं आणि मालाच्या पाट्या चढल्या की खाली सरकतो.

या क्लॅम्पना साधारण 50 न्यूटन-मीटर आवळ लागतो. हा आकडा गड्याला सांगून काय उपयोग? म्हणून ताणकाटा मागवला. नटापासून पाव मीटरवर पान्याला त्याचा आकडा अडकवला आणि काटकोनात ओढायला लावलं. काटा वीस किलोवर आला की थांबायचं. गड्यानं ओढून पाहिलं आणि म्हणाला, “एवढंच?” मग एकेकानं ओढून तो जोर हाताला ओळखीचा करून घेतला. पुढं टॉर्क पानाही आणला, पण हाताला माप कळलं ते ताणकाट्यानं.

मापाआधी पाइप बघावा लागतो. परांचीचा दीड इंची पाइप बाहेरून 48.3 मिलिमीटर भरतो. आमच्याकडं त्यात काही सव्वा इंची पाइप मिसळले होते, ते 42.4 चे. त्यावर क्लॅम्प कितीही आवळा, पकड बसत नाही. ते सगळे बाजूला काढले. आटे तारेच्या ब्रशनं साफ करून तेलाचा थेंब दिला. जिथं पाइप बसतो तिथं मात्र तेल लागू दिलं नाही.

आवळून झाल्यावर नट आणि बोल्टावरून रंगाची एक सलग रेघ मारायची. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला. मिस्त्री रोज सकाळी, आणि वळीव येऊन गेला की पुन्हा, या रेघा बघत वर जायचे. त्यांनी हात हलवल्याशिवाय कुणी चढायचं नाही.

तुम्ही घराचं काम काढलं असेल, तर परांचीवर माणूस चढण्याआधी कंत्राटदाराला एवढं विचाराच: क्लॅम्प कुणी तपासले आणि कधी?